फिरते फिल्मकाम की पक्के दुकान? गाळा घेण्याआधी तपासायच्या गोष्टी

बाभुळगाव, कळंब, राळेगाव या पट्ट्यात गाड्यांच्या कामावर पोट असलेले आपले बरेच तरुण आहेत. कुणी गॅरेजमध्ये हाताखाली आहे, कुणी वॉशिंग सेंटरवर आहे, कुणी रेडियमचे काम करतो. त्यातलाच एक नवा धंदा म्हणजे फिरते फिल्मकाम. पाठीवरच्या बॅगेत स्क्वीजी, कटर, हीट गन आणि फवाऱ्याची बाटली, मोटारसायकलला बांधलेला फिल्मचा रोल. फोन आला की ग्राहकाच्या दारात जायचे, कारच्या काचांना सन कंट्रोल फिल्म लावायची, मोटारसायकलच्या टाकीला ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म बसवायची, ट्रॉलीला रिफ्लेक्टर टेप मारायची. भांडवल थोडे लागते, भाडे नाही आणि डोक्यावर मालक नाही.

दोन-तीन वर्षे काम जमले की पुढचा विचार येतो : आता गाळा घ्यावा. घरचे म्हणतात, किती दिवस उन्हातान्हात फिरशील? मित्र म्हणतात, बोर्ड लागला की इज्जत वाढते. सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न असतो, "कर्ज कुठून मिळेल?" आमच्या मते हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी दोन प्रश्न सुटलेले नसतील, तर मिळालेले कर्जच दुकान बुडवते. आणि आपल्या घरात एक दुकान बुडते तेव्हा सोबत आईचे दागिने, बहिणीचे शिक्षण आणि पुढच्या भावाची हिंमतही बुडते. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

तथागतांनी सांगितलेला दुकानदार

धम्म म्हणजे केवळ वंदना आणि ध्यान असे समजणाऱ्यांनी अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्ते जरूर वाचावीत. 'पापणिक' म्हणजे दुकानदार. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मन लावून काम न करणाऱ्या दुकानदाराची भरभराट होत नाही, असे एका सुत्तात येते. दुसऱ्यात भरभराट होणाऱ्या दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, तो डोळस असतो : कोणता माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला आणि त्यात किती सुटले हे त्याला कळते. दुसरा, तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरा, त्याला आधार असतो : त्याची हुशारी आणि परतफेडीची ताकद पाहून पैसेवाले लोक आपणहून त्याला भांडवल देतात.

हे उदाहरण तथागतांनी भिक्खूंना साधनेसंबंधी समजावताना दिले आहे. पण उपासकाने ते सरळ अर्थानेही घ्यायला हरकत नाही. क्रम लक्षात घ्या : आधी डोळसपणा, मग कौशल्य, मग भांडवल. आपले तरुण नेमका हा क्रम उलटा करतात.

फिरत्या कामाची मर्यादा

फिल्मचे काम रस्त्यावर होते, पण पूर्ण चांगले होत नाही. काच आणि फिल्म यांच्यामध्ये धुळीचा एक कण अडकला तरी तिथे फुगवटा राहतो. अंगणात, झाडाखाली, वाऱ्यात काम करताना धूळ टाळता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काच इतकी तापलेली असते की साबणाचे पाणी फिल्म सरकवण्याआधीच सुकते आणि गोंद चुकीच्या जागी धरतो. पावसाळ्यात उलटे होते. पाणी लवकर निघत नाही आणि फिल्म पक्की व्हायला जास्त दिवस लागतात. म्हणजे ज्या उन्हाळ्यात मागणी सर्वांत जास्त, त्याच उन्हाळ्यात उघड्यावरचे काम सर्वांत अवघड.

दुसरी मर्यादा मालाची. फिरता कारागीर रोख पैसे देऊन फुटावर फिल्म घेतो, त्यामुळे ती महाग पडते. पूर्ण रोल साधारण पाच फूट रुंद आणि शंभर फूट लांब असतो. तो नागपूर-अमरावतीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर हवा असेल, तर व्यापारी आधी पत्ता विचारतो. चांगल्या कंपनीची अधिकृत एजन्सी आणि वॉरंटी कार्डेही पक्का पत्ता असलेल्यालाच मिळतात.

तिसरी मर्यादा कष्टाची. फिरता कारागीर दिवसातून एखादी कार, फार तर दोन करतो. बाकी वेळ जाण्यायेण्यात आणि वाट पाहण्यात जातो. त्याच्या हाताखाली कुणी शिकू शकत नाही. तो आजारी पडला की धंदा बंद.

गाळ्याने या तिन्ही अडचणी कमी होतात. ग्राहकांची संख्या मात्र गाळ्याने आपोआप वाढत नाही. बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे, इथे नगरपंचायत आहे आणि यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरची वर्दळही आहे. पण यवतमाळ शहर फार दूर नाही. महागडी गाडी घेणारा माणूस तिकडेच फिल्म बसवून येतो. हे धरूनच हिशोब मांडायला हवा.

पहिला गुण डोळसपणा : आधी वही

सोपे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकाने ते स्वतःच्या वहीतून बदलून घ्यावेत.

समजा, फिरता कारागीर महिन्याला १२ कार करतो. एका कारचे सरासरी ३,००० रुपये मिळतात. कापताना वाया जाणाऱ्या तुकड्यांसह फिल्म १,५०० रुपयांची जाते, पेट्रोल २०० रुपयांचे. हाती राहिले कारमागे १,३०० रुपये, म्हणजे महिन्याला १५,६०० रुपये.

आता गाळा घेतला. भाडे ५,०००, वीज १,५००, हाताखालच्या मुलाचा पगार ८,०००, कर्जाचा हप्ता ४,०००, किरकोळ खर्च १,५००. एकूण २०,००० रुपये दर महिन्याचा ठरलेला खर्च. पेट्रोल वाचल्यामुळे कारमागे १,५०० रुपये सुटतात. म्हणजे १४ कार होईपर्यंत मालकाच्या खिशात एक रुपयाही येत नाही. आणि पूर्वीइतके १५,६०० रुपये घरी न्यायचे असतील, तर ३५,६०० भागिले १,५००, म्हणजे २४ कार लागतात.

थोडक्यात, आधी होते तेवढेच उत्पन्न टिकवायला काम १२ वरून २४ गाड्यांवर गेले पाहिजे. मदतनीस न ठेवता सुरुवात केली तरी १९ गाड्या लागतात. हा हिशोब ज्याने गाळा घेण्याआधी केला, त्याला आपण थांबायचे की पुढे जायचे हे कळते. ज्याने केला नाही, त्याला तो सहाव्या महिन्यात बँकेची नोटीस शिकवते.

म्हणून आमचा आग्रह असा की गाळा शोधण्याआधी किमान एक वर्ष वही लिहावी. तारीख, गाडी, कोणती फिल्म, किती फूट लागली, किती वाया गेली, किती मिळाले, किती उधार राहिले. वर्षभर यासाठी की आपल्या भागातला पैसा कापसाच्या चक्राबरोबर फिरतो. दिवाळीनंतर कापूस विकला की हातात पैसा येतो, त्यानंतर लग्नसराई आणि उन्हाळा. जून ते सप्टेंबर बियाणे, खते आणि शाळेचा खर्च, म्हणून फिल्मचे काम मंद. उन्हाळ्याचे तीन महिने पाहून जूनमध्ये गाळा घेणारा तरुण नेमका मंदीच्या तोंडावर भाडे अंगावर घेतो. सुरुवात करायचीच असेल तर दिवाळीनंतर करावी आणि पहिल्या पावसाळ्याचे चार महिन्यांचे भाडे आधीच बाजूला काढून ठेवावे.

वहीत आणखी एक गोष्ट दिसेल. फक्त कारवर बाभुळगावसारख्या ठिकाणी दुकान चालणे कठीण आहे. त्याला जोड लागते : मोटारसायकलचे रेडियम, ट्रॅक्टर-ट्रॉलीची रिफ्लेक्टर टेप, दवाखाने आणि दुकानांच्या काचांना दुधी फिल्म, घराच्या खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म. घरादुकानांच्या काचांना आरटीओचे नियम लागू नाहीत आणि ते काम पावसाळ्यातही चालते. नंबर प्लेटच्या रेडियमवर मात्र आता भरवसा ठेवू नये. उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाल्यापासून ते काम संपल्यात जमा आहे.

मधला रस्ता

थेट उडी न मारताही दुकानाचा अंदाज घेता येतो. ओळखीच्या वॉशिंग सेंटरमध्ये किंवा गॅरेजमध्ये एक झाकलेली जागा ठरावीक दिवशी, गाडीमागे पैसे देऊन वापरावी. तिथे पाणी असते, गाडी धुतलेली मिळते, गिऱ्हाईकही समोर असते. सहा महिने असे केले की लोक आपल्या दारी येतात की नाही याचे उत्तर भाडेकरार न करता मिळते.

गाळा घेतल्यावरही फिरते काम पूर्ण बंद करू नये. आठवड्यातले एक-दोन दिवस कळंब, राळेगाव, धामणगावच्या ग्राहकांसाठी राखून ठेवले तर जुने संबंध तुटत नाहीत आणि मंदीत हात रिकामा राहत नाही.

दुसरा गुण कौशल्य : जागा आणि काम

बाजारातला १० बाय १० किंवा १० बाय १५ फुटांचा गाळा फिल्मकामाला उपयोगाचा नाही, कारण त्यात गाडीच जात नाही. मध्यम कार साडेपाच ते सहा फूट रुंद आणि तेरा-चौदा फूट लांब असते. दोन्ही बाजूंची दारे पूर्ण उघडून आत बसून काम करायचे म्हणजे किमान बारा फूट रुंदी आणि अठरा-वीस फूट लांबी हवी. शटर नऊ फुटांपेक्षा अरुंद नको. समोर नाली असेल तर गाडी चढेल असा उतार लागतो. त्याची परवानगी आणि खर्च कुणाचा, हे आधीच ठरवावे. म्हणून मुख्य चौकातल्या लहान गाळ्यापेक्षा रस्त्यालगतचा टिनाचा शेड बरा. मात्र टिनाखाली उन्हाळ्यात भट्टी होते, तेव्हा वर आच्छादन आणि हवा खेळती ठेवण्याची सोय लागते.

आत धूळ उडू नये म्हणून पक्की फरशी हवी. काम सुरू करण्याआधी फरशी आणि भिंती ओल्या कराव्यात. पंखा थेट गाडीवर नको. उजेड वरून आणि दोन्ही बाजूंनी हवा, नाहीतर बारीक बुडबुडे दिसत नाहीत. पाणी क्षारयुक्त असेल तर काचेवर डाग राहतात, त्यामुळे फवाऱ्यासाठी गाळलेले पाणी वापरावे. मागच्या काचेवर डिफॉगरच्या बारीक तारा असतात, तिथे कटर आणि हीट गन जपून. काम झाल्यावर तीन-चार दिवस काच खाली करू नका, असे ग्राहकाला तोंडी न सांगता बिलावर लिहून द्यावे.

काळ्या काचेचा कायदा नीट समजून घ्या

या धंद्यातला सर्वांत मोठा धोका इथे आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. या प्रमाणाला धंद्यात व्हीएलटी म्हणतात. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका प्रकरणात निर्णय दिला : काच कारखान्यातून त्या प्रमाणात बनून आलेली असावी, वरून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म चिकटवू नये. तेव्हापासून देशभर काळ्या काचांवर कारवाई सुरू झाली.

पुढे नियम १०० मध्ये बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात बसते. या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. हा निकाल आपल्या बाजूने दाखवता येतो, पण महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. रस्त्यावरचा पोलीस २०१२ च्या निकालाकडे बोट दाखवू शकतो. ग्राहकाला दोन्ही बाजू सांगणे हे कारागिराचे काम आहे.

आता मेख. पाकिटावर ५० टक्के लिहिलेली फिल्म बाजूच्या काचेला लावली म्हणजे नियम पाळला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. काच स्वतःही काही प्रकाश अडवते. काचेतून ७५ टक्के प्रकाश जात असेल आणि फिल्म ५० टक्क्यांची असेल, तर दोन्ही मिळून साधारण साडेसदतीस टक्केच जातो. म्हणजे नियमभंग. त्याच काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर साडेबावन्न टक्के येतात आणि नियमात बसते. समोरच्या काचेला तर ९० टक्क्यांची फिल्म लावली तरी साडेसदुसष्ट येतात, मर्यादा ७० ची. म्हणून व्हीएलटी मीटर घेतल्याशिवाय दुकान सुरू करू नये. आधीची आणि नंतरची मोजणी बिलावर लिहावी. फिल्मवर कंपनीचे नाव आणि टक्केवारी असावी, खरेदीची बिले जपून ठेवावीत.

गडद फिल्मच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये दंड होतो. तो ग्राहकाला होतो. पण फिरता कारागीर सापडत नाही, दुकानदार सापडतो. चलन घेऊन ग्राहक थेट दुकानात येतो, भांडतो आणि गावभर सांगतो.

इथे सम्यक आजीविकेचा प्रश्न येतो. तथागतांनी निषिद्ध सांगितलेल्या पाच व्यापारांत, म्हणजे शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांत, काळी फिल्म नाही हे खरे. पण माणसाला माहीत असूनही बेकायदा वस्तू विकणे आणि "काही होत नाही, लावून घ्या" म्हणणे हे मुसावादात मोडते. आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते नवी गाडी घेतली की सर्वांत गडद फिल्म मागतात आणि "आपलाच माणूस आहेस" असे म्हणतात. त्यांनाही नम्रपणे नाही म्हणावे. उन्हाचा त्रास कमी करायचा असेल तर काळेपणाची गरज नसते. उजळ सिरॅमिक फिल्म उष्णता बऱ्यापैकी अडवते आणि बाहेरून साधी दिसते. ग्राहकाला हे समजावता येणे, हेच पापणिक सुत्तातले विक्रीचे कौशल्य.

'जय भीम', धम्मचक्र किंवा बाबासाहेबांच्या प्रतिमेचे स्टिकर अभिमानाने लावावे, पण नंबर प्लेटवर नाही आणि चालकाची नजर अडेल असे काचेवर नाही. गाडीचा संपूर्ण रंग बदलणारे रॅप असेल, तर आरसी बुकातील रंगाचा प्रश्न येतो. ग्राहकाला आधी आरटीओत विचारायला सांगावे.

कागदपत्रे : कमी आहेत, पण वेळेवर करा

दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ प्रमाणे पूर्वीसारखा परवाना लागत नाही. सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. बोर्डावर मराठी देवनागरी असणे बंधनकारक आहे. २०२२ पासून लहान दुकानांनाही ते लागू झाले. इतर लिपी असेल तर देवनागरी अक्षरे तिच्यापेक्षा लहान नकोत.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत साधारणपणे सक्तीची नाही. कंपनीची एजन्सी हवी असेल तर ती आधीही मागितली जाऊ शकते.

भाडेकरार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करारात अनामत किती, परत कधी, दरवर्षी भाडेवाढ किती आणि किमान किती काळ मालक जागा रिकामी करून मागणार नाही, हे स्पष्ट हवे. फरशी, उतार, दिवे यांवर तीस-चाळीस हजार घालायचे आणि अकराव्या महिन्यात बाहेर पडायचे, असे होऊ नये. वीज जोडणी व्यावसायिक आहे का हेही पाहावे. घरगुती मीटरवर दुकान चालवले तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

तिसरा गुण पत : आता कर्जाचे बोलू

आधीची वही आता कामाला येते. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर वर्षभराची नोंद, खात्यात नियमित जमा झालेली रक्कम आणि उद्यम प्रमाणपत्र ठेवणारा तरुण आणि फक्त जातीचा दाखला घेऊन जाणारा तरुण, यांत फरक पडतो. म्हणून आजपासून ग्राहकाचे पैसे यूपीआयने खात्यात घ्यावेत.

बौद्ध तरुणांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १९९० मध्ये संसदेने अनुसूचित जाती आदेश १९५० मध्ये दुरुस्ती केली आणि धम्म स्वीकारलेल्या पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्यामुळे बौद्ध असल्याने कर्ज योजनेतून नाव कापले जात नाही. कुणी तसे सांगत असेल तर लेखी मागावे.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी काम करते. त्याच्या बीजभांडवल योजनेची रचना अशी : पाच लाखांपर्यंतच्या प्रकल्पात ५ टक्के आपले, २० टक्के महामंडळाचे ४ टक्के व्याजाने आणि ७५ टक्के बँकेचे. यातली खरी अडचण बँकेचा होकार ही असते, म्हणून अर्ज महामंडळात टाकून घरी बसू नये, बँकेत पाठपुरावा करावा.

मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण अशा पायऱ्या आहेत. तारण लागत नाही आणि चालू धंद्यालाही कर्ज मिळते. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मिळणाऱ्या रोजगार निर्मिती योजनांत अनुसूचित जातींसाठी शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. पण त्या नव्या उद्योगासाठी असतात. आपले फिरते काम जुना उद्योग धरले जाईल का आणि नगरपंचायतीची जागा शहरी धरली जाईल का, हे यवतमाळच्या केंद्रात अर्जाआधीच विचारावे.

अनुदानाकडे पाहून प्रकल्प फुगवू नका. दोन लाखांत भागत असेल तर पाच लाखांचा अर्ज करू नये. संगणकावर फिल्म कापणारा प्लॉटर पहिल्या वर्षी लागत नाही. आठवडी हप्त्याच्या खासगी कर्जावर तर दुकान कधीच उभे करू नये, कारण पावसाळ्यात धंदा थांबतो पण हप्ता थांबत नाही.

गाळा नाकारला तर

सर्व हिशोब जुळतो, पैसे हातात असतात आणि मालक आडनाव विचारतो. मग "जागा आधीच दिली आहे" असे उत्तर येते. हे आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. फिरत्या कारागिराला ही भिंत दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या दारात जातो. स्वतःचे दार मागितले की ती दिसते.

बाबासाहेबांनी हे भोगले आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नंतर मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणाऱ्याची जात कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. ज्ञान, पदवी, कौशल्य सगळे असूनही दुकान चालले नाही. कारण बाजारही जातीने भरलेला असतो.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः लवाजम्यासह तिथे थांबून चहा घेऊ लागले. महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्यांनाही प्यावा लागे. महाराजांनी भांडवल दिले, पण त्याहून मोठे म्हणजे गिऱ्हाईक दिले. दुकानाला खरा आधार तोच.

कायदाही आपल्या बाजूला आहे. संविधानाचे कलम १९(१)(छ) कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क देते. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणाने जागा भाड्याने न देणे हे बहिष्कारात धरले आहे. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार आणि व्यवसायात अडथळा हे गुन्हे म्हणून स्पष्ट झाले. अडचण पुराव्याची असते. म्हणून जागेची चौकशी शक्यतो मेसेजवर करावी, सोबत साक्षीदार न्यावा, नकाराची तारीख आणि शब्द लिहून ठेवावेत. प्रत्येक नकाराचा खटला होत नाही. पण नोंद असेल तर तक्रार करायची की दुसरी जागा पाहायची, हा निर्णय आपल्या हातात राहतो.

काही जण म्हणतात, मग वस्तीतच दुकान टाकावे. भाडे वाचते हे खरे. पण मग गिऱ्हाईकही बहुधा वस्तीतलेच राहते. जमेल त्याने हमरस्त्यावरची जागा सोडू नये. नगरपंचायतीच्या गाळ्यांच्या जाहीर नोटिशींवरही लक्ष ठेवावे.

समाजाने काय करावे

कार्यकर्त्यांनी उद्घाटनाला फीत कापून फोटो काढण्यापेक्षा पहिल्या पावसाळ्यात दुकानात जावे. काम करून घ्यावे, पूर्ण पैसे द्यावेत आणि बिल मागावे. "आपलाच आहे, नंतर देतो" या उधारीने आपली जितकी दुकाने बंद पाडली, तितकी बाहेरच्या स्पर्धेने पाडली नसतील. विहारात महिन्यातून एकदा वही कशी लिहावी आणि बँकेचा अर्ज कसा भरावा, यासाठी दोन तास द्यावेत. वकील, बँक कर्मचारी आणि निवृत्त अधिकारी आपल्यात आहेत. त्यांनी एका तरुणाचा एका वर्षासाठी पाठपुरावा करावा.

दुकान चालू लागल्यावर दुकानदाराचीही जबाबदारी येते. सिगालोवाद सुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत : एक घरखर्चाला, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीसाठी. अर्धे उत्पन्न धंद्यात परत घालायला सांगणारा हा उपदेश आजच्या लहान दुकानदारालाही लागू पडतो. पहिल्या वर्षी हे प्रमाण जमणार नाही, पण चौथा भाग, तो कितीही लहान असो, वेगळ्या खात्यात टाकण्याची सवय लावावी. आणि हाताखालच्या मुलाला झाडू-पाण्यापुरते ठेवू नये, काम शिकवावे.

गाळा घ्यायचा की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. ज्याच्या वहीत वर्षभराच्या नोंदी आहेत, ज्याच्याकडे मीटर आहे, चार महिन्यांचे भाडे बाजूला आहे आणि नोंदणीकृत करार हातात आहे, त्याने नक्की घ्यावा. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याने आज एक वही विकत घ्यावी आणि उद्याच्या पहिल्या गाडीपासून लिहायला सुरुवात करावी.

जय भीम, नमो बुद्धाय.